दगडी पाला : पोथीत नसलेले औषध

🧵 १/ धाराशिव जिल्ह्यात शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, बालाघाटाच्या मुरमाड उतारावर एक रोपटे हमखास दिसते. पाने खरखरीत व दातेरी, लांब देठावर एकच फूल. विळा लागला की याचा पाला चुरगळून रस जखमेवर पिळायचा, हा शेतशिवारातील जुना रिवाज.

२/ दगडी पाला, एकदांडी, कंबरमोडी, जखमजुडी ही त्याची नावे. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. नावे अस्सल मराठी, रोपटे मात्र परदेशी! लिनियसने १७५३ साली त्याची नोंद केली, तेव्हा मूलस्थान लिहिले व्हेराक्रूझ, म्हणजे मेक्सिकोचा किनारा.

३/ मिरची, भुईमूग, तंबाखू यांप्रमाणे हेही अमेरिका खंडातून आले. साहजिकच चरक-सुश्रुतांच्या संहितांत त्याचा उल्लेख असणे शक्य नाही. ज्याला आपण ‘प्राचीन’ उपचार समजतो, तो फार तर काही शतकांचा आहे.

४/ मग या पाल्याचा गुण पारखला कोणी? कोणत्याही वैद्याचे नाव सांगता येत नाही. ज्यांच्या हाती रोज खुरपे आणि विळा, त्याच माणसांनी या परक्या तणाला आपल्या औषधांत जागा दिली. मागे ग्रंथ उरला नाही, उरली ती नावे. ‘जखमजुडी’ हा एक शब्दच इथे ऐतिहासिक साधन ठरतो.

५/ आता प्रयोगशाळेकडे. सेंट-ग्योर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९३६ साली फ्लॅव्होनॉइड या वनस्पतिजन्य द्रव्यांकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे त्यांतील अनेकांचा अँटिऑक्सिडंट गुण, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना निष्प्रभ करण्याची क्षमता, अभ्यासली गेली.

६/ दगडी पाल्यात क्वेर्सेटिन, ल्युटिओलिन अशी फ्लॅव्होनॉइडे आढळली. एकाला तर या वनस्पतीवरूनच ‘प्रोकम्बेनेटिन’ हे नाव मिळाले. अशा अर्कांची एक प्रचलित चाचणी १९५८ साली ब्लॉइस यांनी मांडली: जांभळे द्रावण जितके फिके पडेल, तितका अर्क प्रभावी. मात्र परीक्षानळीतील गुण म्हणजे माणसाच्या जखमेवरील सिद्ध उपचार नव्हे.

७/ तरीही या ज्ञानाची मालकी कोणाची, हा प्रश्न गंभीर आहे. १९९५ साली हळदीने जखम भरण्याचे अमेरिकन पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले.

८/ ती लढाई जिंकली गेली लिखित पुराव्यांवर: जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक शोधनिबंध. परदेशातील तोंडी परंपरा अमेरिकन कायद्याला त्या काळी पुरावा म्हणून चालत नसे. हळदीमागे पोथ्या उभ्या होत्या. दगडी पाल्यामागे केवळ लोकांची स्मृती.

९/ पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले, पण त्याचा मुख्य आधारही ग्रंथच. गावच्या तोंडी ज्ञानाला जागा मिळाली ती २००२ च्या जैवविविधता कायद्याने: प्रत्येक गावाची लोक जैवविविधता नोंदवही.

१०/ परंपरेला मान मिळण्यासाठी ती हजारो वर्षांची असावी लागत नाही. तिचा माग मात्र राहावा लागतो. धाराशिवच्या एखाद्या गावाने आपल्या नोंदवहीत ‘जखमजुडी’ हा शब्द आणि तिचा वापर नीट लिहून ठेवला, तर पोथीने न सांगितलेला इतिहास प्रथमच कागदावर येईल.