तगरीची आफ्रिकी बहीण

माझ्या दारात तगर आहे. देवासाठी फुलं खुडताना बोटांना पांढरा चीक लागतो. तगरीच्याच कुळातलं एक झुडूप मध्य आफ्रिकेत, गॅबॉनच्या जंगलात वाढतं. त्याचं नाव इबोगा. फुलं इवलीशी, फळं नारिंगी, पण सगळी करामत मुळांच्या सालीत. (म्हणून कुणी दारची तगर चघळून पाहू नये!)

ही साल थोडी चघळली, की शिकारी भूक आणि झोप विसरून रात्र जागवतो. ब्विटी पंथाची दीक्षा घेणाऱ्याला मात्र ती भरपूर खावी लागते. चव जहर कडू. रात्रभर न्गोम्बी नावाचं आठ तारांचं वाद्य वाजत राहतं. दीक्षार्थी ओकतो, निपचित पडतो. आपल्याला पूर्वज भेटले, असं तो नंतर सांगतो. जाणती माणसं त्या वेळी उशाशी बसून असतात. याला नुसती नशा म्हणायला माझं मन धजत नाही.

फ्रेंच राजवटीत मिशनऱ्यांनी ब्विटीला सैतानाचा पंथ ठरवून त्याच्या अनुयायांना छळलं. आणि फ्रान्समध्ये काय चाललं होतं? १९०१ मध्ये रसायनतज्ज्ञांनी इबोगातून इबोगेन वेगळं काढलं. १९३९ पासून इबोगाच्या एका सख्ख्या भावंडाचा अर्क 'लांबारेन' या नावाने टॉनिक म्हणून खपू लागला. तिकडे पाप, इकडे औषध!

१९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड लॉट्सॉफ या एकोणीस वर्षांच्या हेरॉइनच्या व्यसनी तरुणाने गंमत म्हणून इबोगेन घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याला हेरॉइनची तलफच येईना. १९८५ मध्ये त्याने या उपचाराचं पेटंट मिळवलं. पण इबोगेनने हृदयाचे ठोके बिघडतात, माणसं दगावलीही आहेत. अमेरिकेने त्यावर बंदी घातली. त्याच अमेरिकेतल्या टेक्सासने २०२५ मध्ये चाचण्यांसाठी पाच कोटी डॉलर मंजूर केले.

गॅबॉनने २००० मध्येच इबोगाला राष्ट्रीय ठेवा जाहीर केलं होतं. परदेशातली मागणी वाढली तशी जंगलात चोरटी खणती सुरू झाली. साल मुळांची, तेव्हा मुळं उपटली की झुडूप गेलंच. गावकरी परसात आणि ब्विटीच्या मंदिराजवळ इबोगाची रोपं लावतात. त्यांची मुळं काढण्याजोगी व्हायला पाच-सात वर्षं जावी लागतात.