अँटवर्पचे तिघे

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातून नंबराचे दोन कागद निघाले. मॅरेथॉनला छातीवर सेफ्टी पिनांनी टाचतात ते. पळणारी मंडळी त्याला ‘बिब’ म्हणतात. एक २०१९ चा, एक २०२० चा. २०२० च्या कागदाला पदकाची रिबन गुंडाळलेली आणि २०१९ चा नुसताच, मिठाचे पांढरे डाग पडलेला. हिनं विचारलं, “हा रद्दीत टाकू का?” मी म्हणालो, “पदक टाकलंस तरी चालेल, तो राहू दे.” तिनं माझ्याकडे बघितलं तसंच तुम्हीही बघत असाल, म्हणून आज हा लेख. पुण्याच्या मावशीनं फार दिवसांपासून “तुझ्या पळण्याबद्दल लिही की रे” असा लकडा लावला होताच. मावशी, घे. अर्ध्याहून जास्त इतिहासच निघणार आहे, शेवटी मास्तराची जात!

आधी सेनगावात पळणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे पहाटे रस्त्यावर पळणारा माणूस दिसला की लोक एकच प्रश्न विचारतात, “भरती का?” पोलीस भरती, नाही तर सैन्य. हिंगोलीला राज्य राखीव पोलीस बलाचा बारा नंबरचा गट आहे, त्यामुळे खाकी वर्दी डोळ्यांपुढे असतेच. सोयाबीन आणि हळदीच्या भावावर घर चालवून थकलेल्या बापाला पोरगं वर्दीत दिसावं असं वाटतं, यात नवल नाही. त्या भरतीतलं पळणं सोळाशे मीटरचं. त्यामुळे आमच्या तालुक्यात अंतर मोजायचं माप किलोमीटर नाही, सोळाशे आहे. “दोन सोळाशे मारले आज” असं पोरं म्हणतात.

माझा थोरला भरतीची तयारी करत होता. येलदरीच्या बाजूच्या रस्त्याला पहाटे अंधारात एकटाच पळायचा. एकदा ऊस भरलेली एक गाडी अंगावर येता येता राहिली, तेव्हापासून मी टॉर्च घेऊन मागे सायकलवर जायला लागलो. मग सायकल पंक्चर झाली, मग चालत, मग हळूहळू त्याच्या मागे दुडक्या चालीनं. वय ४५, वजन ८४. वाटेत भेटणारे माझे जुने विद्यार्थी हसायचे. “सर, तुमचं भरतीचं वय निघून गेलं की!”

थोरल्याची भरती थोडक्यात हुकली, दोनदा. दुसऱ्यांदा हुकली त्या दिवशी त्यानं बूट माळ्यावर टाकले आणि मोंढ्यात एका आडत दुकानावर हिशेब लिहायला जायला लागला. पहाटेचा गजर मात्र माझ्या मोबाईलमध्ये तसाच राहिला. तो वाजायचा, मी उठायचो आणि एकटाच पळून यायचो. त्याच्या खोलीवरून जाताना चप्पल हातात घ्यायचो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. आपण पळतोय हे त्याला ऐकू जाऊ नये असं वाटायचं.

असो. पाच किलोमीटरचे दहा झाले, दहाचे एकवीस झाले, आणि २० जानेवारी २०१९ ला मी मुंबईच्या मॅरेथॉनला उभा राहिलो. पूर्ण, ४२.१९५ किलोमीटरची. गावात, शाळेत, सोयऱ्याधायऱ्यांत सगळीकडे सांगून बसलो होतो (चूक नंबर एक). सीएसएमटीपासून पहाटेच्या गारव्यात निघालो, मरीन ड्राइव्हला वारा लागला, आणि हजारो माणसं बरोबर पळताना बघून मला उगाच वीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं (चूक नंबर दोन). सूर्य वर आला तशी मुंबईची दमट हवा अंगाला चिकटायला लागली. आमच्याकडच्या कोरड्या थंडीत तयारी केलेल्या माणसाला हा घाम कळतच नाही. शरीरात साठवलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते हे वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. पस्तिसाच्या पुढे, हाजी अलीपाशी, दोन्ही पोटऱ्यांना असे गोळे आले की मी दुभाजकाला धरून उभा राहिलो. समोर पेडर रोडचा चढ होता. थकलेल्यांना गोळा करत येणारी बस आली आणि मी तीत बसलो. बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पैसे परत दिले का त्यायनी?”

निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे वेळ नव्हता. ‘डीएनएफ’, म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही. थोरल्यानं मोबाईलवर ते बघितलं, काही बोलला नाही. त्या दिवसांत मी गजर बंद केला आणि शाळेत मधल्या सुट्टीत जुनी पुस्तकं चाळायला लागलो. आपल्याआधी आपल्यातलं कोण ही शर्यत पळालं होतं, एवढंच बघायचं होतं. इतिहासाच्या मास्तराला दुसरं कुठलं औषध लागू पडणार?

शोधता शोधता पुण्यात पोचलो. डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये सुरू झाला. जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी टाटा पुढे त्याचे अध्यक्ष झाले. इंग्लंडात शिकलेले, मैदानी खेळांचे शौकीन. जिमखान्याच्या शर्यती बघायला गेले तर पळणारे बहुतेक शेतकरी, आणि तेही अनवाणी. त्यांना ना कुणी प्रशिक्षक, ना शर्यतीचे नियम ठाऊक, पण त्यांच्या वेळा युरोपातल्या पळणाऱ्यांच्या तोडीच्या आहेत हे दोराबजींनी ताडलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे त्यांनी विषय काढला की यातल्या काहींना स्वतःच्या खर्चानं ऑलिंपिकला पाठवू. (काही ठिकाणी हे नाव ‘लॉइड जॉर्ज’ असं छापलेलं सापडतं. ते तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान होते, पुण्याच्या शर्यती बघायला कशाला येतील! विद्यार्थ्यांनो, नावं उलटी लिहिली की मार्क जातात.) तर असा हा भारताचा पहिला संघ १९२० मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला गेला. दोन मल्ल आणि चार धावपटू. त्यातले दोघे मॅरेथॉनसाठी होते, बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार.

आजच्या मुंबईच्या मॅरेथॉनला टाटांचं नाव आहे. मी हाजी अलीला ज्या शर्टात बसमध्ये चढलो, त्यावर छापलेलं नाव आणि चौगुले-दातारांना बोटीत बसवणाऱ्या माणसाचं नाव एकच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ती मॅरेथॉन २२ ऑगस्ट १९२० ला झाली. तेव्हा मॅरेथॉनचं अंतर अजून पक्कं झालेलं नव्हतं. १८९६ ला अथेन्समध्ये ते साधारण ४० किलोमीटर होतं. लंडनला १९०८ मध्ये विंडसर राजवाड्यापासून स्टेडियमपर्यंत मोजलं, ते ४२.१९५ भरलं, आणि पुढे १९२१ मध्ये तेच कायम झालं. मधल्या अँटवर्पला मात्र ४२.७५ किलोमीटर पळवलं. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सगळ्यात लांब मॅरेथॉन. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन जिंकला, २ तास ३२ मिनिटांत. आपला चौगुले १९ वा आला, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. तेव्हा तो विशीच्या आतला होता.

मी लगेच आमच्या मापात हिशेब केला. चौगुलेचा वेग म्हणजे किलोमीटरला चार मिनिटं. म्हणजे सोळाशेला सहा मिनिटं तेवीस सेकंद. भरतीच्या मैदानावर या वेळेला कुणी शिट्टी मारणार नाही, आमची पोरं याहून कितीतरी जोरात पळतात. पण हा गडी असे जवळजवळ सत्तावीस सोळाशे एकामागून एक, मध्ये न थांबता पळाला! पुढे १९७६ ला माँट्रियलमध्ये शिवनाथ सिंग ११ वे आले, पण पहिल्याच खेपेला, पहिल्याच संघातल्या पोरानं १९ वं यावं ही साधी गोष्ट नाही.

याच्याशीच जोडलेली एक गंमत. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली ती परभणीची ज्योती गवते. तिची वेळ २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. चौगुलेपेक्षा फक्त आठ सेकंद जास्त, सत्त्याण्णव वर्षांनी! अंतरात साडेपाचशे मीटरचा फरक आहे हे खरं. पण १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी होईपर्यंत आमचाही जिल्हा परभणीच होता, तेव्हा एवढी शेजारधर्माची फुशारकी मला मारू द्या.

आता तिसरा. अँटवर्पच्या यादीत चौगुलेच्या वर दोन ओळी सोडून एक नाव आहे, शिझो कनाकुरी, जपान, १६ वा. वेळ २ तास ४८ मिनिटं ४५ सेकंद, चौगुलेच्या बरोबर दोन मिनिटं आधी. हा माणूस त्याआधी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकलाही गेला होता. बोट आणि सैबेरियातून जाणारी रेल्वे असा अठरा दिवसांचा प्रवास करून तिथे पोचला आणि शर्यतीच्या दिवशी भयंकर ऊन पडलं. इतकं, की पळणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे शर्यत पूर्ण करू शकले नाहीत आणि पोर्तुगालचा लाझारो उष्म्यानं दगावला. कनाकुरी सत्तावीस किलोमीटरच्या आसपास कोलमडला. रस्त्याकडेच्या एका बागेत एक कुटुंब बसलं होतं, त्यांनी त्याला प्यायला दिलं, सावली दिली. आणि मग हा गृहस्थ शरमेपोटी कुणालाही काही न सांगता थेट जपानला निघून गेला! स्वीडनच्या दफ्तरी बरीच वर्षं तो बेपत्ता होता. शेवटी १९६७ मध्ये त्याला स्टॉकहोमला बोलावलं आणि पंचाहत्तरी गाठलेल्या कनाकुरीनं उरलेली शर्यत पूर्ण केली. वेळ नोंदवली ती ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २० सेकंद.

ही १९६७ ची गोष्ट सगळे सांगतात, छानच आहे ती. मला स्वतःला १९२० ची जास्त आवडते. तेव्हा कॅमेरे नव्हते, आमंत्रण नव्हतं, कौतुक नव्हतं. तोंड लपवून पळून गेलेला माणूस आठ वर्षांनी पुन्हा त्याच शर्यतीच्या रेषेवर येऊन उभा राहिला आणि सोळावा आला.

त्या सकाळी दातारही त्याच रेषेवर होते. बोटीनं समुद्र ओलांडून गेलेले. निकालाच्या यादीत वेळ फक्त पोचलेल्यांची छापतात, बाकीच्यांच्या नावापुढे माझीच ती तीन अक्षरं असतात. दातारांच्या नावापुढे ती आहेत. चौगुलेंचं नाव अधूनमधून निघतं तरी, दातारांचं नाव फक्त संघाची यादी वाचताना येतं. शाळेत मी त्या वर्षी भारताचा पहिला ऑलिंपिक संघ शिकवला तेव्हा फळ्यावर दोघांची नावं सारख्याच अक्षरात लिहिली. एका पोरीनं विचारलं, “सर, दातारांनी काय केलं?” मी म्हणालो, “पळाले.” “किती?” “थांबेपर्यंत.” पोरं हसली, मीही हसलो.

त्याच संध्याकाळी जेवताना कनाकुरीची गोष्ट घरात सांगितली. थोरला भाकरी मोडता मोडता ऐकत होता. “म्हंजे आठ वर्षं त्याला कुनी काहीच म्हनलं नसंल?” एवढंच त्यानं विचारलं. मी म्हणालो, “म्हटलं असेल की. जपानात पण सोयरे असतात.”

पुढे जूनमध्ये शेगावची पालखी आली. गजानन महाराजांची ही पालखी रिसोड, पानकन्हेरगाव करत सेनगावात येते आणि इथून नामदेवांच्या नरसीला जाते. आई दर वर्षी नरसीपर्यंत चालते. त्या वर्षी मीही तिच्याबरोबर निघालो. बारा-तेरा किलोमीटरनंतर तिचा गुडघा धरला तेव्हा ती निवांतपणे एका टेम्पोत बसली, दोन किलोमीटर गेली, उतरली आणि पुन्हा टाळकऱ्यांत मिसळून चालायला लागली. तिला यात विचार करण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गजर लावला. फाटकाशी गेलो तर थोरला सायकलवर टॉर्च घेऊन उभा. बूट माळ्यावरच होते, पण सायकलचं पंक्चर काढलेलं होतं.

पावसाळाभर, सोयाबीनची रास रस्त्यावर पडली तेव्हा तिला वळसा घालून, पुढे थंडीत, तो मागे आणि मी पुढे. मीठ-साखरेचं पाणी त्याच्या हँडलला. जोरात निघालो की मागून ओरडायचा, “पप्पा, पहिलंच सोळाशे हाय!”

१९ जानेवारी २०२० ला तोही मुंबईला आला, पिशवी सांभाळायला. हाजी अलीला मी मुद्दाम डावीकडे दुभाजकाकडे बघितलं. पेडर रोडचा चढ चालत चढलो, सरळ सांगतो. लंडनला ८९ व्या वर्षी पहिली मॅरेथॉन पळालेले आणि २०२५ मध्ये ११४ व्या वर्षी गेलेले फौजासिंग मोजायचे, तर माझं ४७ वय म्हणजे बालवाडी. पण त्या चढावर मला एकशे चौदाच वाटत होते.

५ तास ४८ मिनिटं. पदक गळ्यात घालून आझाद मैदानाशी फतकल मारून बसलो. थोरला वडापाव घेऊन आला, शेजारी बसला आणि मोबाईलवर काहीतरी आकडेमोड करत राहिला.

“पप्पा, सोळाशेचं टायमिंग काढलं तुमचं.”

“किती?”

“तेरा मिनिटं बारा सेकंद. भरतीत शून्य मार्क.”