आंबेडकरांची धर्मांतर घोषणा आणि धर्मप्रचारक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे हिंदू धर्माचा त्याग करण्याचा निर्धार जाहीर केला. कोणता धर्म स्वीकारणार हे त्यांनी त्या वेळी सांगितले नाही. त्यामुळे पुढील काही महिन्यांत ख्रिस्ती, मुस्लिम, शीख व बौद्ध अशा विविध धर्मांच्या संस्थांनी व प्रचारकांनी त्यांच्याशी संपर्क साधला. या घडामोडींचे एक प्रमुख केंद्र मुंबईतील दादर-परळ परिसर हे होते. ख्रिस्ती मिशनांचे अस्पृश्य समाजातील कार्य जुने असूनही आंबेडकर व त्यांचे बहुसंख्य अनुयायी अखेरीस बौद्ध धर्माकडे का वळले, या प्रश्नाच्या अभ्यासात हा कालखंड महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

मुंबईत प्रोटेस्टंट मिशनकार्याची सुरुवात १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांच्या आगमनाने झाली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये गिरगावात इंग्रजी शाळा सुरू केली. विल्सन महाविद्यालयाचा उगम या शाळेत आहे. अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या प्रयत्नांतून महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. १९३३ मध्ये मेथडिस्ट मिशनरी जे. वॉस्कम पिकेट यांचा भारतातील सामूहिक ख्रिस्ती धर्मांतरांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यामुळे येवल्याच्या घोषणेपूर्वीच हा विषय मिशनरी वर्तुळात चर्चेत होता.

आंबेडकरांचा बुद्धचरित्राशी परिचय मात्र विद्यार्थिदशेतच झाला होता. १९०७ मध्ये ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले तेव्हा झालेल्या सत्कारप्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. केळुसकर हे विल्सन हायस्कूल या मिशनच्या शाळेत शिक्षक होते.

घोषणेनंतरचे प्रतिसाद

मुंबईतील मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे बिशप ब्रेंटन थोबर्न बॅडली यांनी आंबेडकरांच्या घोषणेचे स्वागत केले. मात्र ख्रिस्ती धर्मात प्रवेश करण्यासाठी प्रत्येक व्यक्तीचे खरे हृदयपरिवर्तन आवश्यक आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. संपूर्ण समाजाच्या सामूहिक मुक्तीचा विचार आणि व्यक्तीच्या श्रद्धेवर भर देणारी मिशनची भूमिका यांतील अंतर येथे दिसून येते. मुस्लिम व शीख पुढाऱ्यांनी, तसेच महाबोधी सोसायटीनेही आंबेडकरांना आपापल्या धर्मात येण्याचे आवाहन केले. एप्रिल १९३६ मध्ये आंबेडकर अमृतसर येथील शीख परिषदेस उपस्थित राहिले.

नायगाव परिषद

३० व ३१ मे १९३६ रोजी दादरजवळील नायगाव येथे मुंबई इलाखा महार परिषद भरली. धर्मांतराच्या प्रश्नावर समाजाचे मत अजमावणे हा तिचा हेतू होता. परिषदेने धर्मांतराच्या निर्णयास पाठिंबा दिला. या परिषदेतील आंबेडकरांचे भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी धर्मांतराची सामाजिक व आध्यात्मिक अशी दोन्ही अंगे मांडली. कोणत्याही विशिष्ट धर्माची निवड त्यांनी जाहीर केली नाही. तथापि भाषणाचा समारोप त्यांनी स्वयंप्रकाशित होण्याविषयी बुद्धाने आनंदास केलेल्या उपदेशाने केला.

भिक्खू लोकनाथ यांची भेट

परिषदेनंतर थोड्याच दिवसांत, १० जून १९३६ रोजी, इटालियन बौद्ध भिक्खू लोकनाथ यांनी दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या निवासस्थानी आंबेडकरांची भेट घेतली. लोकनाथ यांचे मूळ नाव साल्वातोरे चिओफी असे होते. त्यांचा जन्म १८९७ मध्ये इटलीतील कॅथलिक कुटुंबात झाला व ते अमेरिकेत वाढले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी भिक्खुदीक्षा घेतली. अस्पृश्यांनी बौद्ध धर्म स्वीकारावा, असा त्यांचा आग्रह होता. या भेटीतही आंबेडकरांनी तत्काळ निर्णय दिला नाही.

१९३७ मध्ये धर्मानंद कोसंबी यांनी परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजन विहार’ स्थापन केला.

ख्रिस्ती धर्माविषयी आंबेडकरांची भूमिका

१ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे केलेल्या भाषणात आंबेडकरांनी बुद्ध व ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला आकर्षित केल्याचे सांगितले. त्याच वेळी दक्षिणेतील चर्चमध्ये टिकून राहिलेल्या जातिभेदावर त्यांनी टीका केली. मिशनांच्या शैक्षणिक व वैद्यकीय कार्याची त्यांना जाणीव होती. परंतु त्या सेवेचा मोठा लाभ उच्चवर्णीयांना झाला आणि धर्मांतरित अस्पृश्य सामाजिक अन्यायाविरुद्ध संघटित झाले नाहीत, असे त्यांनी आपल्या लेखनात नमूद केले आहे.

या प्रश्नास राजकीय बाजूही होती. १९३६ च्या अनुसूचित जातींविषयीच्या सरकारी आदेशाने भारतीय ख्रिश्चनांना या वर्गातून वगळले होते. धर्म बदलल्यास १९३२ च्या पुणे करारानुसार मिळालेल्या राखीव जागांवरील हक्क गमावण्याचा धोका होता.

परिणाम

आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. मुंबईतही डिसेंबरमध्ये असाच दीक्षा समारंभ योजला होता. मात्र त्यापूर्वी, ६ डिसेंबर रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. ७ डिसेंबर रोजी दादर येथे अंत्यसंस्काराच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी उपस्थित जनसमुदायास बौद्ध धर्माची दीक्षा दिली. याच ठिकाणी पुढे चैत्यभूमी उभी राहिली. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत २,४८७ बौद्ध होते. १९६१ मध्ये ही संख्या २७,८९,५०१ झाली.

बौद्ध धर्म स्वीकारल्यानंतरही सवलतींचा प्रश्न सुटला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये तो सर्व शीख दलितांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. दलित ख्रिश्चनांना मात्र त्यानंतरही या दर्जातून वगळण्यात आले. त्यामुळे धर्मनिवडीचे जे राजकीय परिणाम आंबेडकरांनी १९३० च्या दशकात विचारात घेतले होते, ते पुढील पिढ्यांतही वादाचा विषय राहिले.