ओतशाळेतील दोन भावंडे

वृत्तपत्रांच्या चिकित्सेत पदोपदी योजले जाणारे ‘स्टिरिओटाइप’ आणि ‘क्लिशे’ हे शब्द, ज्यांच्या साहाय्याने आपण छापील मजकुरातील साचेबंदपणावर बोट ठेवतो, ते मूळचे छापखान्याच्याच ओतकामातील होत, हे ध्यानी आल्यापासून मला त्यांच्या कुळाचा छंदच जडला आहे.

थोरल्या ‘स्टिरिओटाइप’चा दाखला स्वच्छ आहे. एडिंबरोच्या विल्यम गेड नामक सोनाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, जुळविलेल्या खिळ्यांच्या पानाचा साचा घेऊन त्यातून अखंड पत्रा ओतून दाखविला, आणि शतकाच्या अखेरीस पॅरिसचा मुद्रक फिर्मँ दिदो याने, ‘घन’ व ‘ठसा’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द सांधून, या विद्येला नाव दिले. पुढे याच पत्र्यांमुळे दैनिकाचे एक पान एकाच वेळी अनेक यंत्रांवर चढू लागले.

धाकट्याचे गोत्र मात्र वादग्रस्त आहे. फ्रेंच ओतारी थिजू लागलेल्या धातूवर ठसा वरून आपटीत व त्या क्रियेस ‘क्लिशे’ म्हणत. तो शब्द त्या आपटण्याच्या आवाजावरूनच निघाला, असे एक पक्ष मानतो. दुसरा पक्ष मूळ जर्मन ‘क्लिच’मध्ये, म्हणजे कणकेसारख्या गिचगिचीत गोळ्यात, शोधतो, आणि धातू त्या क्षणी तशाच अवस्थेत असे, हे नाकबूल करता येत नाही. इतकेच काय, पुढे साच्यासाठी जो ओलसर कागदांचा थर आला, त्याचे ‘फ्लां’ हे नावही एका फ्रेंच गोड पदार्थाचे आहे! तरीही माझा कौल आवाजालाच. कारण ‘क्लिशे’ हे प्रथम क्रियेचे नाव आहे, पदार्थाचे नव्हे, आणि खटका वाजणे या अर्थाचे ‘क्लिके’ हे क्रियापद फ्रेंचांच्या घरात असता परमुलखातून उसनवारी कशासाठी?

१९२२ साली वॉल्टर लिपमन याने ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात, वस्तू पाहण्यापूर्वीच मनात तयार असणाऱ्या तिच्या चित्राला ‘स्टिरिओटाइप’ म्हटले. मनोरुग्णांच्या त्याच त्या निरर्थक हालचालींना वैद्य तत्पूर्वीच ‘स्टिरिओटिपी’ म्हणत, तेव्हा त्याने शब्द तिथूनच उचलला असावा, असा एक तर्क आहे. मला तो पटत नाही; शब्द त्याला छापखान्यातच सापडला असणार. लिपमन हाडाचा पत्रकार. १९२० साली त्याने चार्ल्स मर्झसह ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील रशियन क्रांतीच्या तीन वर्षांच्या बातम्या बारकाईने तपासल्या होत्या, आणि त्यांत बोल्शेविक राजवट संपुष्टात येत असल्याचे वा आल्याचे ९१ वेळा छापलेले त्याला आढळले होते.