‘तुर्की जिरेनियम’ नावाचे खानदेशी तेल

१/
एकोणिसाव्या शतकात युरोपच्या सुगंधी द्रव्यांच्या बाजारात ‘तुर्की जिरेनियम तेल’ या नावाचे एक तेल विकले जात असे. ते तुर्कस्तानात तयार होत नसे आणि जिरेनियमपासूनही निघत नसे. ते निघे आपल्याकडच्या एका रानगवतापासून, आणि त्याच्या भट्ट्या पेटत खानदेशातील ओढ्यांच्या काठी. त्या तेलाची, ते काढण्याच्या रीतीची आणि त्याच्या हरवलेल्या पत्त्याची ही हकीकत.

२/
या गवताचे नाव रोशा. संस्कृत वैद्यकात ते ‘रोहिष’ म्हणून येते. मराठीत त्याला ‘तिखाडी’ असेही म्हणतात. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. परसातला गवती चहा याचाच सगोत्र. पान चुरगाळले तरी वास सुटतो, मात्र तेलाचा मोठा साठा फुलोऱ्यात असतो. गावोगावी हे तेल सांधेदुखीवर चोळण्यासाठी वापरले जाई. आजच्या बाजारात ते ‘पामारोसा’ या नावाने ओळखले जाते.

३/
रोशा अनेक ठिकाणी उगवतो. निमाड, बैतूल आणि वऱ्हाडातही त्याचे तेल निघे. परंतु पश्चिम खानदेशातील, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबार जिल्ह्यांतील, भट्ट्यांचे वर्णन विशेष तपशिलाने उपलब्ध आहे. मुंबईतील वैद्यकीय अधिकारी विल्यम डायमॉक यांच्या पश्चिम हिंदुस्थानातील वनौषधींवरील लेखनात ते आढळते. डोंगरांच्या उघड्या उतारांवर, त्यातही अक्राणीच्या मुलखात, हे गवत मुबलक होते.

४/
हंगाम सुरू होई पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या सुमारास. गवत फुलोऱ्यावर येऊन पिकू लागले की भिल्ल ते कापून आणत. तेल काढणारे मुसलमान कारागीर त्यांच्याकडून ते विकत घेत आणि गंजी रचून ठेवत. मग ओढ्याकाठची जागा निवडली जाई. जाळायला लाकूड आणि थंडाव्यासाठी वाहते पाणी, या दोन गोष्टी जिथे हाताशी असतील तिथेच भट्टी लागे.

५/
भट्टीची मांडणी अशी. सुमारे ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा खणून त्यात चूल बांधायची. चुलीवर तांब्याचा किंवा लोखंडाचा प्रचंड हंडा. त्यात ३० ते ५० घागरी पाणी मावावे एवढा मोठा. तळाशी थोडे पाणी ओतायचे, वर तोंडापर्यंत कापलेले गवत दाबून भरायचे आणि पुन्हा थोडे पाणी घालायचे.

६/
हंड्याच्या तोंडावर धातूचे झाकण बसवून त्याची कड गव्हाच्या कणकेने लिंपत. झाकणाच्या छिद्रातून बांबूची नळी निघे. ही नळी कापडाने गुंडाळलेली, उडदाच्या पिठाने लिंपलेली आणि दोरीने आवळलेली असे. उडदाच्या पिठाचा चिकटपणा प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. इथे तो वाफ अडवण्याच्या कामी येई. एक फट राहिली तरी हंगामाची कमाई हवेत विरायची.

७/
नळीचे दुसरे टोक एका बंद हंड्यात शिरे. हा हंडा ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेला असे. गवतातून आलेली सुगंधी वाफ तिथे थंड होऊन पाणी होई. आत किती पाणी साठले हे पाहण्याची सोय नव्हती. पण हंडा भरला की तो हादरू लागे. तीच खूण. त्या क्षणी नळी शिताफीने काढून घ्यावी लागे.

८/
साठलेले पाणी मग तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळत. आतापर्यंत तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असत. ढवळल्यावर ते एकमेकांना मिळत आणि पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगत. कारागीर तो तवंग हलक्या हाताने काढून घेत. एवढ्या खटाटोपाचे फळ म्हणजे तो पातळसा थर.

९/
उरलेले पाणी फेकून दिले जात नसे. नवे गवत भरताना तेच पाणी पुन्हा पहिल्या हंड्यात ओतत. पाण्यात थोडे तेल विरघळून राहतेच. ते अशा रीतीने पुढच्या खेपेत परत मिळे. हजारो किलोमीटर दूर, बल्गेरियाच्या गुलाबखोऱ्यात, गुलाबजल पुन्हा भट्टीवर चढवून अत्तर काढण्याची रीतही याच तत्त्वावर उभी होती.

१०/
इथे एक प्रश्न उभा राहतो. या तेलातील मुख्य घटक उकळतो २३० अंश सेल्सिअसच्या आसपास. मग उघड्यावरच्या चुलीवर, १०० अंशांच्या पाण्याबरोबर तो कसा निघतो? उत्तर असे की एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापले की दोघांच्या वाफांचा दाब एकत्र मोजला जातो. त्यामुळे पाण्याच्या वाफेबरोबर तेलाची वाफही सुटते, आणि तीही न करपता. ऊर्ध्वपातनाचा हा नियम कारागिरांनी सूत्रात मांडला नव्हता. त्यांनी तो चुलीवर राबवला होता.

११/
भारतीय अत्तर म्हटले की कनौजची देग-भपका पद्धत आठवते. दोन्ही रीतींत हंडा, नळी आणि पाण्यात बुडवलेले भांडे आहे. फरक हेतूत आहे. कनौजच्या भपक्यात परंपरेने आधीच चंदनाचे तेल असते आणि फुलांचा सुगंध त्यात मुरतो. त्या सुगंधाचे अत्तर होते. खानदेशातील भांड्यात आधी काहीच नसे. तिथे गवताचे निव्वळ तेल काढून ते दूरच्या बाजाराला पाठवायचे होते.

१२/
कारागिरांच्या बोलीत तेलाच्या दोन प्रती होत्या: मोतिया आणि सोफिया. फुलोरा कोवळा, निळसर-पांढरा असताना निघालेले मोतिया तेल वासाला नाजूक. गवत पिकून लालसर झाल्यावरचे सोफिया उग्र. अशी डायमॉक यांची नोंद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिशास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा हे एकाच जातीचे दोन वेगळे प्रकार असल्याचे दिसून आले. शास्त्राने खुलासा बदलला, नावे मात्र कारागिरांचीच ठेवली.

१३/
आता आकडे पाहू. १८७९-८० मध्ये खानदेशात १९७ भट्ट्या चालू होत्या आणि त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे ३६०० किलोच्या आसपास तेल निघाले. शंभराहून अधिक भट्ट्या एकट्या नंदुरबारात होत्या. सरासरी काढली तर एका भट्टीला अख्ख्या हंगामात जेमतेम १८ किलो तेल मिळे.

१४/
या आकड्यामागे एक न नोंदलेला आकडा दडलेला आहे. १०० किलो ताज्या गवतातून अर्धा किलो तेल मिळाले तरी उतारा बरा म्हणायचा. त्या हिशोबाने ३६०० किलो तेलासाठी किमान ७०० टन गवत लागले असणार. डोंगरउतारांवर विळ्याने कापलेले, भारे बांधून खाली आणलेले. तेलाची मोजदाद हंड्रेडवेटमध्ये झाली. विळ्यांची आणि भाऱ्यांची झाली नाही.

१५/
डोंगरालाही हिशोब चुकवावा लागला. या धंद्याचे मूळ ठाणे होते पिंपळनेर. तिथे रोशा दुर्मीळ झाला आणि भट्ट्या नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांकडे सरकल्या. फुलोऱ्यातच कापलेल्या गवताचे बी जमिनीवर पडत नाही, आणि प्रत्येक हंड्याखाली जळणारे लाकूडही त्याच रानातले असते. भट्टी उचलून दुसऱ्या ओढ्यावर नेता येते, रान नेता येत नाही.

१६/
तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादले जाई. एक वाट कोंडाईबारी घाट उतरून सुरतेला जाई, दुसरी मुंबईला. साक्री-नवापूर रस्त्याने आज कोंडाईबारी ओलांडणाऱ्याला क्वचितच कल्पना असते की याच घाटातून कधीकाळी इस्तंबूलच्या बाजाराचा माल उतरत होता.

१७/
मुंबईत तेलाचे पहिले रूपांतर होई. टर्पेंटाइन किंवा भुईमुगासारखी स्वस्त तेले त्यात मिसळली जात. नाजूक मोतियात उग्र सोफिया मिसळण्याची रीत तर आधीपासूनच होती, कारण निव्वळ सोफियाला युरोपच्या बाजारात भाव नव्हता. बंदर सोडण्यापूर्वीच तेल आपल्या मूळ रूपापासून एक पाऊल दूर गेलेले असे.

१८/
मुंबईहून ते तांबड्या समुद्रातील बंदरांकडे जाई आणि तिथून अरबी व तुर्की व्यापाऱ्यांच्या हातून इस्तंबूलला पोहोचे. युरोपीय खरेदीदाराला ते तुर्काच्या दुकानात भेटले, म्हणून ते ‘तुर्की’. त्याचा वास महागड्या जिरेनियम तेलाशी जुळला, म्हणून ते ‘जिरेनियम’. दोन्ही शब्द चुकीचे, आणि दोन्ही दीर्घकाळ टिकले. माल ज्या दुकानात शेवटी विकला जातो त्याचेच नाव धारण करतो, याचे हे ठळक उदाहरण.

१९/
इस्तंबूलला या तेलाची एवढी गरज का? उत्तर कझानलूकच्या खोऱ्यात आहे. १८७८ पर्यंत ऑटोमन साम्राज्याच्या थेट अमलाखाली असलेला हा प्रदेश आज बल्गेरियात आहे. तिथल्या गुलाबाचे १ किलो तेल काढायला साधारण ३ ते ४ टन फुले लागतात. एवढ्या मोलाच्या वस्तूत स्वस्त, गुलाबासारख्या वासाचे तेल मिसळण्याचा मोह व्यापाराला आवरला नाही.

२०/
त्यासाठी खानदेशी तेलाला आधी ‘सुधारले’ जाई. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात ते घुसळत, मग पसरट भांड्यांत उन्हात ठेवत. रंग उतरून ते फिकट पिवळे होई, वासाचा उग्रपणा निवे. पुढे ते थेट गुलाबतेलात मिसळले जाई, किंवा त्याहून चतुराईने, भट्टीवर चढण्यापूर्वीच गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडले जाई. मग भेसळ वेगळी ओळखणे फारच अवघड होई.

२१/
खरेदीदारही सावध होते. गुलाबाच्या खऱ्या तेलात मेणासारखा अंश असतो, त्यामुळे २० अंशांच्या आसपास थंड केले की ते गोठू लागते. रोशाचे तेल असे गोठत नाही. म्हणून गोठणबिंदू ही शुद्धतेची कसोटी ठरली. भेसळ करणाऱ्यांनी त्यावरही तोड काढली: देवमाशाच्या डोक्यातील मेण थोडेसे मिसळायचे, की तेल वेळेवर गोठते.

२२/
ही फसवणूक इतकी साधली याचे कारण रसायनात आहे. रोशाच्या तेलात तीनचतुर्थांशाहून अधिक भाग ज्या एका द्रव्याचा असतो, ते गुलाबाच्या तेलातही असते. गुलाबाचा स्वतःचा ठसा उमटवणारी काही द्रव्ये मात्र अत्यल्प मात्रेत असतात. त्यांपैकी डॅमासेनोन हे १९७० मध्ये ओळखले गेले. रोशात गुलाबाची बैठक आहे, पण गुलाबाचे शिखर नाही.

२३/
ते मुख्य द्रव्य १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी वेगळे केले, आणि ते केले भारतीय गवताच्या याच तेलातून. बाजारात त्या तेलाला जिरेनियम म्हणत, म्हणून द्रव्याचे नाव पडले ‘जिरेनिऑल’. अशा रीतीने व्यापाऱ्यांची चूक रसायनशास्त्राच्या शब्दकोशात कायमची जाऊन बसली.

२४/
भेसळीचा दोष कोणाचा, हा प्रश्न त्या काळी वारंवार चर्चिला गेला. श्रेय कोणाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. अक्राणीच्या उतारावर गवत कापणारे भिल्ल आणि हादरणाऱ्या हंड्यावर हात ठेवून क्षण ओळखणारे नंदुरबारचे कारागीर यांची नावे कोणत्याही नोंदीत नाहीत. जिथे ती लिहिता आली असती तिथे फक्त त्यांची जात आणि त्यांच्या भट्ट्यांची संख्या लिहिली गेली.

२५/
साबणाच्या किंवा अत्तराच्या वेष्टनावर घटकांची यादी बारीक अक्षरांत छापलेली असते. तीत अनेकदा ‘जिरेनिऑल’ हा शब्द आढळतो. आज ते द्रव्य बहुधा कारखान्यात बनलेले असते, परंतु त्याचे पहिले नामकरण खानदेशाच्या मातीत वाढणाऱ्या गवताच्या तेलावरून झाले. तो शब्द दिसला की त्याच्या जागी मनातल्या मनात ‘रोशा’ वाचावे. पत्ता दुरुस्त करण्याची सुरुवात एवढ्यानेही होते.