तात्पर्य नसलेलं मांजर

आमचं बाइंडिंगचं दुकान बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात, एका वाड्याच्या ओसरीवर होतं. बाइंडरकडे मांजर लागतंच. मैद्याची खळ उंदरांना प्रिय. अण्णा तिच्यात मोरचूद घालायचे, तरी पुठ्ठ्यांच्या कडा सकाळी कुरतडलेल्या असायच्याच. म्हणून मनी ठेवली. ती कामाच्या वेळी कागदाच्या रिमांवर झोपायची आणि आम्ही जेवायला बसलो की कामाला लागायची.

गोष्टींच्या पातळ पुस्तकांचा एकच फर्मा असे, सोळा पानांचा. घडी घालण्याआधी त्यात पहिल्या पानाशेजारी सोळावं पान येतं आणि आठवं त्याच्या डोक्याला डोकं लावून उलटं. मी वाचायला शिकलो तो या कागदांवर. त्यामुळे गोष्ट सुरू होण्याआधीच शेजारच्या पानावरचं 'तात्पर्य' वाचून व्हायचं. माकडाची खोडी काय होती हे कळायच्या आत खोडी करू नये हे कळलेलं!

हे तात्पर्य आलं कुठून, याचा शोध मी पुढे नगर वाचन मंदिरात बसून घेतला. तेही आमच्याच पेठेतलं, 1848 सालचं. सर्फोजीराजांच्या तंजावरात 1806 साली 'बालबोध मुक्तावली' छापली गेली, ती इसापच्या गोष्टींची. 1828 साली सदाशिव काशिनाथ छत्र्यांची 'इसापनीतिकथा' आली. म्हणजे छापील मराठीत प्राणी शिरले ते मास्तर म्हणून. कोल्हा, कावळा, गाढव, सगळे शिकवणीवर!

आजीच्या मांडीवर मात्र वेगळाच कारभार होता. उंदराच्या टोपीची गोष्ट घ्या. चिंधीभर कापडाची टोपी शिवून घेतो, गोंडे लावतो आणि थेट राजाला चिडवत सुटतो. तात्पर्य शून्य. मला विचाराल तर मराठी बालसाहित्यातला पहिला खरा वांड प्राणी हाच, पाळीव नसला तरी. छापखान्याने त्याला बरीच वर्षं दारातच थोपवलं.

1881 साली विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' निघालं, 1906 साली वा. गो. आपट्यांचं 'आनंद'. मुलांसाठी स्वतंत्र मासिक ही तेव्हा मोठीच गोष्ट. तिकडे इंग्लंडात 1902 साली बीट्रिक्स पॉटरबाईंनी स्वतःच्या पाळलेल्या सशावरून पीटर रॅबिट बाजारात आणला होता. गोष्टही त्यांची, चित्रंही त्यांचीच.

खरी मेख इथेच आहे. आमच्याकडे येणाऱ्या पुस्तकांत लिहिणारा एक आणि चित्रं काढणारा दुसरा. मजकुरात मांजराने दूध सांडलं म्हणून त्याला बोलणी बसत. वरच्या ब्लॉकमध्ये तेच मांजर मिशा चाटत खुशाल बसलेलं. चित्रकार मांजराला सामील! मुलं कुणाचं ऐकत असतील ते सांगायला नको. शि. द. फडणिसांचं 1952चं 'मोहिनी'चं मुखपृष्ठ मोठ्यांसाठी होतं, पण मला ते याच वंशातलं वाटतं. तरुणीच्या साडीवर मांजरं, तरुणाच्या शर्टावर उंदीर, आणि शब्द एकही नाही. 1971च्या नोव्हेंबरात बालभारतीचं 'किशोर' आलं आणि चित्राला ऐसपैस जागा मिळाली. पुढे माधुरी पुरंदऱ्यांसारख्या लेखिका स्वतःच लिहू आणि चितारू लागल्या, तेव्हा मजकूर आणि चित्र यांचं भांडण मिटलं.

अण्णांच्या वेळी एकदा मनी खळीच्या भांड्यात पाय घालून, तशीच काळ्या शाईच्या चिंधीवरून घडी घातलेल्या फर्म्यांवर चालत गेली. चाळीसेक प्रती गेल्या. प्रकाशकाने पैसे कापले आणि वर उपदेशही केला. अण्णांनी मनीला ओसरीवरून खाली ढकललं. संध्याकाळी ती पुन्हा रिमांवर.

त्यातली एक प्रत मी ठेवली आहे. सोळाव्या पानावर, 'तात्पर्य' या शब्दावर बरोब्बर पंजा उमटलाय. पुढचं काही वाचता येत नाही.