आबांची ११८ एनई आणि तीन गॅस

तर झालं असं, की गेल्या मे महिन्यात रिलीज एकदाची मार्गी लागल्यावर चार दिवस रजा टाकली आणि चारठाण्याला गेलो. चारठाणा म्हणजे परभणी जिल्हा, जिंतूर तालुका. जुन्या देवळांचं गाव, आणि माझं आजोळ. मानस्तंभ बघायला अधूनमधून कुणी अभ्यासक येतो. मे महिन्यात तोही येत नाही. पारा ४३ वर.

आज्जीला औंढ्या नागनाथाला जायचं होतं. वय ८६, उन्हात चक्कर येते. माझी गाडी दारात उभी होती, एसी फर्स्टक्लास. पण तिला आबांच्याच गाडीतून जायचं होतं. आबांनी १९८९ साली घेतलेली प्रीमियर ११८ एनई, फियाटचं जुनं डिझाइन आणि आत निसानचं इंजिन. इंजिन मामाने सांभाळलंय, एका चावीत सुरू होतं. एसी आबांनी नंतर बसवून घेतला होता, डॅशबोर्डच्या खाली लटकणारा डबा असतो ना, तो. तो मात्र किती वर्षं बंद होता कोण जाणे.

"गॅस संपला असंल," मामा म्हणाला, "भरून टाकू." मलाही वाटलं, तासाभराचं काम. (एस्टिमेट चुकवण्यात आमचा धंदा पहिल्या नंबरावर आहे, हे तेव्हाच आठवायला हवं होतं.)

जिंतूरला एक वयस्कर मिस्त्री आहेत, फ्रीज-एसीवाले. त्यांनी बॉनेट उघडून पाइपाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, ही मॅफ्रॉनची गाडी आहे. हा गॅस आता मिळत नाही."

मॅफ्रॉन हे कंपनीचं नाव. मफतलाल समूहाच्या नवीन फ्लोरिनने १९६७ पासून सुरतजवळ हे गॅस बनवले. मूळ गॅस आर-१२, म्हणजे सीएफसी घराण्यातला. हा शोधला अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, १९२८ च्या सुमारास. त्याआधी फ्रीजमध्ये अमोनिया नाहीतर सल्फर डायॉक्साइड असायचा, गळला की घरातली माणसं संकटात. १९३० साली मिजलीने भर सभेत नवा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, काही नाही! पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच गृहस्थांची. एका माणसाच्या नावावर दोन एवढे मोठे बग मला तरी दुसरे ठाऊक नाहीत.

गॅस इतका टिकाऊ, की वर जाऊन शंभरेक वर्षं राहतो. तिथे ऊन त्याच्यातला क्लोरीन सोडवतं आणि तो ओझोन खातो. हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८५ मध्ये ब्रिटिशांना अंटार्क्टिकावर प्रत्यक्ष भगदाड सापडलं. गंमत म्हणजे नासाचा उपग्रहही तेच मोजत होता, पण १८० डॉबसनच्या खालच्या आकड्यांवर प्रोग्रॅम 'संशयास्पद' अशी खूण करत होता. डेटा फेकला नव्हता, नुसता फ्लॅग केला होता. आपण लॉगमधल्या वॉर्निंगचं काय करतो, ते आठवा.

१९८७ ला माँट्रियलचा करार झाला. भारताने तेव्हा सही केली नाही, आणि मला ते रास्त वाटतं. गॅस वापरला श्रीमंतांनी, आणि नवं तंत्रज्ञान त्यांच्याचकडून विकत घ्यायचं आम्ही? १९९० च्या जूनमध्ये लंडनच्या बैठकीत पर्यावरणमंत्री मनेका गांधींनी हाच मुद्दा लावून धरला. बदलाच्या खर्चासाठी निधी ठरला, आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. २००३ पासून नव्या यंत्रांत सीएफसी भरायला बंदी आली आणि १ ऑगस्ट २००८ ला उत्पादन थांबलं, ठरल्या मुदतीच्या १७ महिने आधी. (दम्याच्या पंपांसाठी तेवढी सूट राहिली.)

इतिहासाच्या पुस्तकात हे इथे संपतं. जिंतूरच्या दुकानात इथून सुरू होतं.

मामाने लगेच शॉर्टकट काढला. "एवढा कायला पैशाचा चुराडा करायलास? घरचं सिलिंडर लाव." हा विनोद नव्हे. प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण जवळपास आर-१२ सारखंच वागतं, जुन्या तेलात मिसळतं, काही बदलावं लागत नाही. पर्फेक्ट ड्रॉप-इन! फक्त ते पेटतं. आणि थंड करणारा डबा आज्जीच्या गुडघ्यांसमोर, शेजारी पस्तीस वर्षांच्या वायरी. गॅस हवेपेक्षा जड, म्हणजे गळला की पायाशी साचणार. मिस्त्रींनी मान हलवली. "मी भरत नाही. भरणारे आहेत."

राहिला तिसरा, आर-१३४ए. यात क्लोरीन नाही, ओझोनला धक्का नाही. पण नुसता ओतला तर गाडी मरते. जुनं मिनरल ऑइल या गॅसमध्ये विरघळत नाही, त्यामुळे ते गॅसबरोबर फिरून कॉम्प्रेसरला परत येत नाही, कुठेतरी साचून बसतं. कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम. म्हणून तेल काढायचं, एस्टर ऑइल घालायचं, ड्रायर आणि सगळ्या ओ-रिंगा बदलायच्या, जमल्यास रबरी पाइपही, कारण याचे रेणू लहान, जुन्या रबरातून निसटतात. तोंडंसुद्धा वेगळी केलीत, चुकून जुना-नवा गॅस एकमेकांत मिसळू नये म्हणून. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी शून्य.

पण मिस्त्रींनी आधी वेगळंच काम काढलं. गेज लावलं तर सिस्टिममध्ये थोडं प्रेशर शिल्लक होतं. कुणीही व्हॉल्व्ह दाबून सोडून दिलं असतं, दहा सेकंदांचं काम. त्यांनी माळ्यावरून एक जुनं मशीन उतरवलं. सीएफसी बंद करायची राष्ट्रीय योजना २००४ मध्ये मंजूर झाली होती, जर्मनीची जीटीझेड वगैरे त्यात होती, आणि देशभर मेकॅनिकांना शिकवलं गेलं. दोन दिवसांचं शिबिर, हे मिस्त्री तिथे जाऊन आलेले. गॅस हवेत सोडायचा नाही, ओढून सिलिंडरमध्ये घ्यायचा. पाव किलोच्या आसपास निघाला.

मग दीड दिवस गेला. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला, दोन गळत्या सापडल्या. व्हॅक्यूम पंप पाऊण तास. जुना चार्ज साधारण ९०० ग्रॅम होता, नव्या गॅसचा त्याच्या ८० टक्के, म्हणून ७२० वर वजनकाटा थांबवला. जास्त भरला की जुन्या कंडेन्सरवर प्रेशर चढतं.

एवढं करून हाही गॅस कायमचा नाहीच. हवा तापवण्यात तो कार्बन डायॉक्साइडच्या चौदाशेपट. २०१६ च्या किगालीच्या दुरुस्तीत त्यालाही मुदत लागली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. २०२८ ला वापर गोठवायचा, २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी. थोडक्यात, मी एंड-ऑफ-लाइफ जाहीर झालेल्या व्हर्जनवर मायग्रेशन केलं. असो.

औंढ्याला पहाटे न जाता मुद्दाम अकराला निघालो. रस्त्यावर छान गार, जिंतूरच्या गर्दीत थांबलो की कोमट, पुन्हा वेग घेतला की गार. आज्जीने गुडघ्यांवर पदर घेतला आणि आबांनी एसी पहिल्यांदा लावला त्या दिवसाची गोष्ट सांगायला लागली.

येताना मिस्त्रींचे राहिलेले पैसे द्यायला थांबलो. ते सिलिंडर कोपऱ्यात होतं, खडूने 'आर-१२' लिहिलेलं. विचारलं, याचं पुढे काय? म्हणाले, "न्यायला कुणी येत नाही साहेब. अजून दोन आहेत आत." आणि पावती लिहायला लागले.